तळ्याच्या बाजूच्या पायऱ्या

पाटणकर साहेब पायऱ्यांवर नव्हते.

सव्वाअकरा वाजले होते. सव्वाअकराची वेळ मीच दिली होती. सरकारी नोकरीत उभं आयुष्य काढूनही हा माणूस वेळ पाळतो, हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. पायऱ्यांवर रात्री पडलेला पातळ बर्फ होता. त्यावर दोनचार बुटांचे ठसे होते, ते कोणाचे ते कळायला मार्ग नव्हता. माझ्या शेजारी साहेबांच्या पत्नी उभ्या होत्या. साडीवर माझ्या बायकोचा कोट, हातात दहा मिनिटांपूर्वी घेतलेले लोकरीचे हातमोजे.

“आत गेले असतील, काकू,” मी म्हणालो.

“सांगितलेल्या जागेवरून हे हलत नाहीत,” काकू म्हणाल्या. मग पर्सवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, “अविनाश, ह्यांनी सकाळी इंजेक्शन घेतलंय. साडेअकराला काहीतरी पोटात जावं लागतं. डबा माझ्याकडे आहे.”

साहेबांना डायबेटिस आहे हे मला माहीत होतं. नाश्त्याच्या वेळी त्यांनी चहात साखर नको म्हटलं, तेव्हा मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. इन्सुलिन घेतलेल्या माणसाने वेळेवर खाल्लं नाही तर साखर भलतीच खाली जाते, माणूस घामाघूम होतो, बरळतो, प्रसंगी बेशुद्ध पडतो, एवढं मला माझ्या मामांमुळे ठाऊक होतं. आणि इथे बाहेर पाणी गोठवणारी थंडी. 

आता थोडं मागचं सांगतो.

मी ट्रॅफिक इंजिनिअर. रस्त्यावर किती गाड्या, कुठून कुठे, कोणता सिग्नल किती सेकंद हिरवा ठेवायचा, हे ठरवणं माझं काम. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी मॅडिसनमध्ये एका छोट्या कन्सल्टिंग फर्ममध्ये होतो. फर्मचं नाव सांगण्यात अर्थ नाही, ती कधीच बंद झाली. तेव्हा मंदी होती. आमच्या ऑफिसातली दोन टेबलं रिकामी झाली होती आणि तिसरं माझं असेल असं मी धरून चाललो होतो.

मॅडिसन हे विस्कॉन्सिन राज्याच्या राजधानीचं गाव. दोन मोठ्या तळ्यांच्या मध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे, तिच्या मधोमध टेकाडावर घुमटाची इमारत, ती राज्याची विधानसभा. इमारतीभोवती चौकोनी बाग, बागेभोवती चौकोनी रस्ता आणि त्या चौकातून आठ दिशांना आठ रस्ते. गाव वसायच्या आधी कागदावर आखलं गेलं आणि मग कागदाबरहुकूम वसलं. आमच्या धंद्यातल्या माणसाला ते बघून समाधान वाटतं.

पाटणकर साहेब महाराष्ट्र सरकारात नगररचनेचं काम बघत. धरणाच्या पाण्याकाठी एक नवं प्रशासकीय गाव वसवायचं घाटत होतं, त्याचा आराखडा त्यांच्या टेबलावर होता. मुलीकडे शिकागोला आले होते, तिथून त्यांनी आमच्या फर्मला पत्र टाकलं की तुमचं गाव बघायचं आहे. माझा बॉस रॉन ते पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आला. परदेशातलं काम मिळणार, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं.

“तू त्यांना गाव दाखव. शुक्रवारी दोन वाजता त्यांना इथे आण, मी स्लाइड्स दाखवतो,” रॉन म्हणाला. “आणि हे बघ, हे काम आलं तर ते तुझं.”

म्हणजे न आलं तर काय, ते त्याने सांगितलं नाही.

गुरुवारी पाहुणे आमच्या घरी उतरले. शुक्रवारी सकाळी मी फर्मची व्हॅन घेऊन त्यांना मोठ्या तळ्याच्या काठाने फिरवलं. साहेब पुढे बसले होते, मांडीवर वही. मी सांगत होतो, ते लिहीत होते. घुमटाहून उंच काही बांधायचं नाही असा इथला दंडक आहे, हे ऐकून ते म्हणाले, “आमच्याकडे असा नियम केला तर पहिला अर्ज आमदारांचाच येईल.” मी सिग्नलबद्दलही बरंच बोललो. सिग्नल हिरवा झाला की गाड्यांचा जो घोळका एकदम सुटतो त्याला आम्ही प्लाटून म्हणतो. तो घोळका एका वेगाने जात राहिला तर पुढचा प्रत्येक सिग्नल त्याला हिरवाच मिळेल अशी वेळ आम्ही लावतो. दोन घोळके एकाच वेगाने जात असतील तर मागचा पुढच्याला कधीच गाठत नाही. हे मी मोठ्या रुबाबात सांगितलं. माझी अक्कल त्या व्हॅनमध्येच राहिली असावी.

चौकाशी आल्यावर साहेब म्हणाले, “जोगळेकर, मला इथे अर्धा-पाऊण तास एकट्याला सोडा. कुठलीही जागा मी आधी पावलांनी मोजतो. बरोबर कोणी असलं की मोजणी चुकते.”

काकूंचे हात गारठले होते, त्यांना हातमोजे घ्यायचे होतेच. मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. साहेब दार उघडून उतरले आणि मी खिडकीतून ओरडून सांगितलं, “सव्वाअकराला भेटू. तळं दिसतं ना, त्या बाजूच्या पायऱ्यांवर थांबा.”

साहेबांनी मान हलवली. मोबाइलचा तो काळ नव्हता. सांगितलं ते सांगितलं.

तर आम्ही पायऱ्यांवर उभे होतो. समोर रस्ता सरळ उतरत गेला होता आणि टोकाला मोठं तळं राखाडी दिसत होतं. मी आत डोकावून आलो. दाराशी बसलेल्या गार्डला साहेबांचं वर्णन सांगितलं: तपकिरी ओव्हरकोट, डोक्याला माकडटोपी. माकडटोपी कशी असते हे त्याला हातवारे करून दाखवावं लागलं. तो म्हणाला, असा कोणी आत आलेला नाही, आला तर बसवून ठेवतो. पुन्हा बाहेर येऊन आम्ही साडेअकरापर्यंत वाट बघितली.

“काकू, तुम्ही इथे आत उबेला बसा, मी इमारतीला एक चक्कर मारून येतो,” मी म्हणालो.

“मी नाही बसणार. तूही तिकडे गेलास आणि सापडला नाहीस तर मी ह्या गोऱ्यांना काय सांगू? मी येते.”

मला ते पटलं. पाहुण्यांपैकी अर्धे हरवले होते, उरलेले अर्धे डोळ्यांसमोर असलेले बरे. आज लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, पण तेव्हा पटलं. आम्ही पायऱ्या उतरलो आणि चालायला लागलो.

ती इमारत कशी आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं खरं वाटणार नाही. तिला चार बाजूंना चार भाग आहेत आणि चारही भाग हुबेहूब सारखे. तेच खांब, त्याच पायऱ्या, तेच दगड. एका बाजूला उभं राहिलं की पलीकडची बाजू दिसत नाही, मध्ये अख्खी इमारत. मी त्या गावात चार वर्षं नोकरी केली होती, चौकातल्या सिग्नलच्या वेळा मी स्वतः लावल्या होत्या. पण त्या सगळ्या टेबलावर बसून. चौकाला पायी चक्कर मी त्या दिवशी पहिल्यांदा मारत होतो.

काकूंना बर्फाची सवय नव्हती. माझ्या दंडाला धरून त्या एकेक पाऊल टाकत होत्या आणि ओठ हलत होते. प्रत्येक बाजूच्या पायऱ्यांपाशी आम्ही थांबत होतो, वर बघत होतो, साहेबांना हाक मारत होतो. तिसऱ्या बाजूच्या पायऱ्यांवर एक म्हातारा कामगार फावड्याने बर्फ काढत होता. त्याला विचारलं.

“तोंडभर टोपी घातलेला माणूस? हो, आत्ताच गेला की,” त्याने फावड्याने पुढे दाखवलं. “त्या बाजूने.”

मला इतकं हायसं वाटलं की मी त्याचे दोनदा आभार मानले. “चला काकू, पुढेच आहेत.” आम्ही जमेल तेवढी घाई केली. पुढच्या पायऱ्या आल्या, तिथे कोणी नव्हतं. त्याच्या पुढच्या आमच्या मूळच्या, तिथेही कोणी नव्हतं. घड्याळात पावणेबारा होऊन गेले होते.

“अरे, कुठे चक्कर येऊन पडले असतील तर?” काकू म्हणाल्या. 

“पडले असते तर कुणीतरी बघितलं असतं,” मी म्हणालो. मी खूप घाबरलो होतो. रॉन, त्याच्या स्लाइड्स, माझं टेबल, हे सगळं डोक्यातून कधीच गेलं होतं. शिकागोच्या त्यांच्या मुलीला फोन करून मी काय बोलणार, एवढंच डोक्यात होतं.

दुसरी चक्कर सुरू झाली. झुडपांच्या मागे, बाकांच्या खाली, मी सगळीकडे बघत होतो. पुन्हा तो कामगार आला. तो आता पायऱ्या साफ करून फावड्याला टेकून उभा होता आणि आम्हाला येताना बघून हसत होता.

“तो पुन्हा गेला,” तो म्हणाला.

“कोण?”

“तुमचा माणूस. थोड्याच वेळापूर्वी. मला तुमच्याबद्दल विचारत होता. लाल जॅकेटवाला माणूस आणि एक बाई. मी सांगितलं, हो, त्या बाजूने गेलेत.” त्याने पुन्हा तीच पुढची बाजू दाखवली. “पण मला एक सांगा, तुम्ही सगळे त्याच बाजूने का चालता?”

मी इमारतीकडे बघितलं.

इमारत माझ्या उजव्या हाताला होती. पहिल्या पावलापासून उजव्या हाताला होती. कुठून निघायचं, कोणत्या बाजूने जायचं, याचा मी विचारच केला नव्हता. पायऱ्या उतरलो आणि पाय वळले. घुमट असलेली मोठी दगडी इमारत, समोर पायऱ्या, बरोबर ओठ हलवत चालणाऱ्या काकू. लहानपणापासून देवळाभोवती ज्या बाजूने फिरलो त्याच बाजूने मी फिरत होतो. आणि साहेब? तेही त्याच बाजूने निघाले असणार. आम्ही इमारतीच्या एका बाजूला, ते पलीकडच्या. तोच वेग, तीच दिशा, प्रत्येक बाजूच्या पायऱ्यांपाशी तेच थांबणं. दोन घोळके. मागचा पुढच्याला कधीच गाठत नाही.

“काकू, उलटं फिरा,” मी म्हणालो. “आपण मागे जाऊ. ते समोरून येतील.”

“उलटं?” काकू जागच्या जागी थांबल्या. “मी उलटी चालणार नाही.”

“अहो काकू!”

“मी नवस बोललेय. हे सुखरूप सापडू देत, पाच प्रदक्षिणा घालीन म्हणून. दीड झाली माझी. आता उलटी फिरू?”

“काकू, हे देऊळ नाहीये. विधानसभा आहे.”

“मला माहीत आहे काय आहे ते. नवस देवाला बोललेय, इमारतीला नाही. तू जा उलटा. तुला चालेल.”

वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि खरं तर काकूंनीच प्रश्न सोडवला होता. “मग चालूही नका,” मी म्हणालो. “इथेच उभ्या राहा. एक पाऊलही हलू नका. डबा द्या.” कामगाराला म्हटलं, ह्यांना कुठेही जाऊ देऊ नकोस. त्याने फावडं आडवं धरून दाखवलं. मी डबा काखेत मारला आणि आलो त्या दिशेने पळत सुटलो. दोनदा घसरलो, एकदा चांगलाच आपटलो.

दुसरा कोपरा वळलो आणि साहेब दिसले.

ते चालत नव्हते. दगडी कठड्याला टेकून उभे होते. माकडटोपी काढून हातात घेतली होती, कपाळावर घाम डवरला होता आणि वही बर्फात पडली होती.

“साहेब!”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण ओळख पटायला वेळ लागला. “कोण तुम्ही?” ते चिडून म्हणाले. “मोजू द्या मला.”

मी डबा उघडला. आत पोळीचे लाडू होते, गूळ-तुपातले. “साहेब, आधी हा खा.” त्यांनी माझा हात झिडकारला. मग काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, “काकूंनी सांगितलंय.” त्यांनी निमूटपणे लाडू हातात घेतला. मी त्यांचा हात खालून धरला. एक लाडू गेला, दुसरा अर्धा गेला. मी त्यांना धरून आत नेलं, मशीनमधून गोड सोड्याचा कॅन काढला आणि घोट घोट पाजला. दहाएक मिनिटं आम्ही संगमरवरी बाकावर बसून होतो. चेहऱ्यावर रंग येताना मला दिसत होता. इतक्या बारकाईने मी त्याआधी कुणाच्याच चेहऱ्याकडे बघितलं नव्हतं, लग्नात बायकोच्यासुद्धा नाही.

“जोगळेकर,” ते एकदम म्हणाले, “तुम्ही होतात कुठे? मी तळ्याच्या बाजूच्या पायऱ्यांवर पंधरा मिनिटं उभा होतो.”

“कोणत्या तळ्याच्या?”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. गावाला तळी दोन. एक इमारतीच्या या बाजूला, दुसरं बरोबर विरुद्ध बाजूला, आणि दोन्हीकडच्या पायऱ्यांवरून आपापलं तळं सरळ समोर दिसतं. सकाळभर मी मोठ्या तळ्याच्या काठाने फिरवलं, म्हणून माझ्या डोक्यात ते. साहेब व्हॅनमधून उतरले तेव्हा त्यांना समोर दुसरं दिसत होतं, म्हणून त्यांच्या डोक्यात ते. दोन तळ्यांचं गाव दाखवायला नेलेल्या माणसाला मी ‘तळ्याची बाजू’ असा पत्ता दिला होता.

“चौक मी तीनदा मोजायला घेतला,” साहेब वही पुसत म्हणाले. “तिन्ही वेळा वेगळा आला. मला वाटलं, वय झालं.”

त्यांना धरून मी काकूंकडे घेऊन गेलो. काकू खरंच एक पाऊलही हलल्या नव्हत्या. आम्हाला बघताच त्यांचे डोळे भरून आले आणि लगेच आवाज चढला.

“कुठे होतात तुम्ही? आम्ही जीव मुठीत धरून शोधतोय!”

“मीही तुम्हालाच शोधत होतो.”

“शोधत काय होतात? थांबायचं एका जागी!”

“आणि तुम्ही का नाही थांबलात?” साहेब म्हणाले. त्यावर काकूंनी पदराने डोळे पुसले, हातमोजा काढून त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला आणि डब्यातला उरलेला अर्धा लाडू त्यांच्या तोंडात कोंबला. तो कामगार फावडं खांद्यावर टाकून बाजूला वळला.

मग नवसाचा प्रश्न आला. माणूस सापडला होता, त्यामुळे पाच प्रदक्षिणा घालणं भाग होतं. दीड झाली होती, पण अर्धवट धरत नाहीत, पहिल्यापासून घालायच्या, असं काकूंचं म्हणणं. त्या थंडीत त्यांना पाच वेळा फिरवायची माझी तयारी नव्हती. साहेब म्हणाले, “व्हॅनमधून घालू या की.” मला हसू आलं. “साहेब, जमणार नाही. इथे रस्ता वन-वे आहे आणि तो उलटा फिरतो. गाडीने इथे कुणालाच प्रदक्षिणा घालता येत नाही.” साहेबांनी वही उघडून हे टिपून घेतलं. का ते मी विचारलं नाही.

शेवटी मीच सुचवलं. आत घुमटाच्या बरोबर खाली मोठी गोल जागा आहे. गरम आहे, बर्फ नाही, आणि एक फेरी मिनिटभरात होते. काकूंनी वर घुमटाकडे मान करून बघितलं, मनाशी काही ठरवलं आणि “चालेल” म्हणाल्या. पाच फेऱ्या झाल्या. मघाचा गार्ड उठून उभा राहिला.

“काही हरवलंय का त्यांचं?” त्याने मला विचारलं.

“हरवलं होतं. सापडलं,” मी म्हणालो.

दोन वाजता आम्ही ऑफिसात होतो. तिघंही जेवून, कोरडे होऊन. रॉनने दिवे मालवून तळी, घुमट, आठ रस्ते, सगळं दाखवलं. शेवटी काही शंका आहेत का विचारलं. साहेब म्हणाले, “एकच. पायी चालणाऱ्या माणसाला आपण कोणत्या बाजूला आहोत हे कसं कळतं?”

रॉन म्हणाला, “तळं दिसतं ना.”

मी खोकलो. साहेबांनी अत्यंत सभ्य आवाजात “थँक यू” म्हटलं आणि सकाळी काय झालं ते सांगितलं. माझं नाव त्यांनी त्यात कुठेही वाईट रीतीने येऊ दिलं नाही. पाहुणे गेल्यावर रॉनने मला केबिनमध्ये बोलावलं. मी टेबल रिकामं करायच्या तयारीनेच गेलो. तो म्हणाला, “तू हा चौक पायी कधी चालला होतास?” मी म्हणालो, “आज.” त्याने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. म्हणाला, “मीही कधी चाललो नाहीये. सोमवारी दोघं जाऊ.” सोमवारी आम्ही खरंच गेलो. भारतातलं काम काही आलं नाही, पण चालणाऱ्यांसाठी रस्ते कसे असावेत याचा रिपोर्ट करायचं एक छोटं काम रॉनने कुठूनतरी मिळवलं आणि माझं टेबल राहिलं.

वर्षभराने साहेबांचं पत्र आलं. नव्या गावाचा आराखडा मंजूर झाला होता. लिहिलं होतं, “इमारतीला चार दारं आहेत. चारही दारांना वेगवेगळ्या दगडाच्या चौकटी ठेवल्या आहेत. वरून विचारणा झाली की एकच दगड का नाही. त्याचं उत्तर मी दिलेलं नाही.”

पुढे निवृत्त होईपर्यंत हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या इंजिनिअरला मी पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगत असे. भेटायची जागा रस्त्याच्या नावाने सांगायची. आणि चुकामूक झालीच, तर शोधायला एकाने निघायचं, दुसऱ्याने उभं राहायचं, आणि उभं कोणी राहायचं ते आधी ठरवून ठेवायचं. पहिली गोष्ट सगळे लगेच लिहून घेत. दुसरी ऐकून हसत. त्यांचं जिवाभावाचं माणूस अजून हरवलेलं नसे, त्यामुळे अशा वेळी नुसतं उभं राहणं किती अवघड असतं, ते त्यांना ठाऊक नसे.